मथुराबाईची झडती

पोळा तोंडावर आला तसा रामराव घरात कमी आणि गोठ्यात जास्त दिसू लागला. गोठ्यात तसं काम काही नव्हतं. चांद्या आणि लाख्या निवांत रवंथ करत बसलेले असायचे, आणि रामराव त्यांच्यासमोर उलट्या टोपल्यावर बसून नुसते ओठ हलवायचा. मधेच मान झटकायचा, कपाळावर हात मारायचा, पुन्हा ओठ हलवायचा. त्याच्या बायकोनं, इंदूनं, दोनदा दारातून डोकावून पाहिलं. तिसऱ्यांदा तिला राहवलं नाही.

"काय मंतर टाकून राह्यले बैलाईवर?"

"झडती जुळवून राह्यलो."

ओल्या हातांनी पदर सावरत ती परत चुलीकडे गेली. या घरात झडती कोण जुळवायचं हे तिला ठाऊक होतं, आणि जुळवणारी आता नव्हती.

दारव्ह्याहून नेरकडे जाताना डाव्या हाताला फाटा फुटतो, त्या फाट्यावर जांभूळडोह हे गाव आहे. पोळ्याच्या दिवशी गावचे बैल सजूनधजून आखरावर, गावच्या मोकळ्या पटांगणात, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे राहिले, की एकेक जण पुढं येतो आणि झडती म्हणतो. झडती म्हणजे दोन ओळी, यमकात बसवलेल्या, आणि कुणाला तरी चिमटा काढणाऱ्या. शेवटी गौरा-पार्वतीला नमन, आणि मग साऱ्या आखराच्या गळ्यातून हर हर महादेव. बाहेरगावच्या माणसाला वाटावं, भांडण जुंपलं. पण झडतीचा राग धरायचा नाही, असा नेम आहे. ज्याला चिमटा बसला त्यानंच आधी हसायचं.

रामरावचा आवाज पंचक्रोशीत मोठा. तो तोरणाखाली उभा राहिला की लाऊडस्पीकरवाला पोरगा आपणहून माईक बाजूला करायचा. तरणा होता तेव्हापासून आता नातवंडांची वाट पाहायच्या वयापर्यंत पोळ्याची शेवटची झडती त्याचीच असायची. पण आवाज तेवढा त्याचा. शब्द सारे त्याच्या मायचे, मथुराबाईचे. हे साऱ्या गावाला माहीत होतं. बायका तोरणाजवळ जात नसत, म्हणून मथुराबाई मारुतीच्या ओट्यावर कडुलिंबाला टेकून उभी राहायची, कानामागं हात धरून ऐकायची, आणि लोक हसले की पदर तोंडाला लावायची. तरी तोरणाखाली मात्र "रामरावची झडती" असंच म्हणायची रीत पडून गेली होती.

यंदा फाल्गुनात, होळीच्या अलीकडे, मथुराबाई गेली. भरल्या घरात, भरल्या वयात गेली. तेरवीला गाव जेवलं, फोटोला हार पडला, चार जणांनी चार बरे शब्द सांगितले. कष्टाळू होत्या, प्रेमळ होत्या, म्हणाले. रामराव हात जोडून ऐकत होता, पण त्याच्या मनाला काही केल्या समाधान नव्हतं. कष्टाळू आणि प्रेमळ तर कुणाचीही माय असते. त्याची माय जिथं खरोखर मोठी होती, ती जागा तोरणाखाली होती, आणि त्या जागी तिचं नाव कधी घेतलंच गेलं नव्हतं. तेव्हाच त्यानं ठरवलं होतं, यंदाच्या पोळ्याला झडती म्हणायची ती मायच्या नावाची. साऱ्या आखरानं तिचं नाव ऐकलं पाहिजे.

ठरवायला काय लागतं! जुळवायला बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याजवळ नुसता गळा आहे. आणि झडती पडेल निघाली तर लोक हसणार नाहीत, त्याची कीव करतील. मायच्या नावावर कीव यावी, यापेक्षा तोंड न उघडलेलं बरं.

मथुराबाईची झडती जुळवायची तऱ्हा न्यारी होती. ती शेवट आधी बांधायची. निंदणाच्या पाळीत, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासात वाकल्या वाकल्या ती दुसरी ओळ मनात पक्की करायची, आणि मग त्या ओळीपर्यंत नेणारी पहिली ओळ शोधायची. दोन्ही जमल्या की शेजारच्या तासातल्या बायांना म्हणून दाखवायची. बायांनी नुसतं "हाव, चांगली हाये" म्हटलं तर ती झडती बाद. बायांचं खुरपं थांबलं पाहिजे. जी ऐकून हातातलं खुरपं थांबत नाही, ती झडती तोरणाखाली न्यायची नाही, हा तिचा कायदा.

तेव्हा पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या सकाळी रामरावही वावरात गेला. तांड्यावरची रुपीबाई आपल्या बाया घेऊन निंदायला आली होती. रुपीबाई मथुराबाईच्या शेजारच्या तासात निम्मं आयुष्य वाकलेली बाई. रामराव बांधावर उभा राहिला, घसा खाकरला.

"रुपीबाई, एक झडती आयकता काय?"

"म्हणा ना भाऊ. कान काय निंदाले लागत नाही."

रामरावनं डोळे मिटले आणि म्हटलं,

"माय माझी मथुराबाई, मायेचा तो सागर,
तिच्या चरणी वाहतो मी अश्रूंची घागर."

डोळे उघडून पाहतो तर तासात पाच बाया आणि पाचही खुरपी चालू. कच् कच् कच्. एकीनं तर मधेच शेजारणीला विचारून घेतलं, पोळ्याला डाळ किती भिजवली म्हणून.

"कशी वाटली?" रामरावनं विचारलं.

"चांगली हाये," रुपीबाई मान वर न करता म्हणाली.

रामराव समजला. तो परत फिरणार, तेवढ्यात रुपीबाईनं कंबर सरळ केली.

"राग नका धरू भाऊ. पण घागरभर रडल्यावर बैलाईले काय पाजता?"

बाया अशा हसल्या, की खुरपी आता थांबली. रामरावलाही हसू आलं, पण ते ओठाच्या कोपऱ्यातच विरलं.

"मायबद्दल अजून काय म्हणू मी? वाईट म्हणू काय?"

"आमची बी याडीच होती ती," रुपीबाई म्हणाली. "आमच्या बोलीत मायले याडी म्हणतेत. पण तिनं कधी कोणाची आरती केली काय? झडतीत चिमटा लागते. तुमी त साऱ्या गावाले चिमटे काढले तिच्या बोलानं. आता तिलेच सोडता काय?"

चिमटा! मेलेल्या मायला चिमटा काढायचा. रामराव धुऱ्यानं, बांधाबांधानं, घराकडे निघाला तो पायातल्या चपलेकडे पाहतच.

दुपारच्या एसटीनं त्याची लेक सुरभी आली. ती दारव्ह्याच्या कोर्टात वकिली करत होती, आणि अजून नवीच होती तरी तिच्या उलटतपासणीला साक्षीदार दचकतात, असं लोक रामरावला बाजारात सांगायचे. आजीनंच तिला शिकवायचा हट्ट धरला होता. पोरगी वटावटा बोलते म्हणून शेजारणी नाक मुरडायच्या, तेव्हा मथुराबाई म्हणायची, "बोलू द्या. याच बोलण्याचे लोक तिले पैसे देतीन."

सुरभीनं पिशवी खुंटीला अडकवली आणि बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं बाबा? बैल हरवल्यावाणी तोंड काहून केलं?"

रामरावनं तिला घागरीची झडती ऐकवली. सुरभीनं फार प्रयत्न केला, पण तिचे खांदे हलायला लागले.

"बाबा, हे आजीनं आयकलं असतं त तुमाले उपाशी झोपवलं असतं."

"मंग तूच सांग एखादी. तुही जीभ त तिचीच हाये."

"मी सांगन, पण मंग ते माही होईन," सुरभी म्हणाली. आता ती हसत नव्हती. "हे तुमाले करायचं हाये ना? मंग आजी करे तसं करा. शेवट आधी. मी कोर्टात तसंच करतो. न्यायाधीशाच्या कानात शेवटी काय राह्यलं पाह्यजे ते आधी ठरवतो, मंग पुढं येतो. एका साहेबानं विचारलं, कोण्या सिनियरजवळ शिकल्या मॅडम? म्हटलं, मथुराबाई जांभूळडोहकर."

रामरावच्या छातीत काहीतरी फुललं. पण शेवट कोणता, ते तिनंही सांगितलं नाही.

संध्याकाळी खांदशेकणी झाली. इंदूनं लोणी आणि हळद कालवून वाटी आणून दिली. दरवर्षी हे काम मथुराबाई करायची. हात थरथरायला लागले तरी तिनं ते कुणाला दिलं नव्हतं. यंदा रामरावनं चांद्याच्या खांद्यावर पहिल्यांदा लोणी चोळलं. जुवानं घासून तिथली कातडी जाड झाली होती. चोळता चोळता त्याला मायचं बोलणं आठवलं. ती बैलांशी बोलायची, माणसांशी बोलतात तसं. आणि रामरावला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायची. "तुह्या धन्याले काय, ते बसते जाऊन धुऱ्यावर. ओढा लागते तुले."

रामरावचा बाप गेला तेव्हा रामरावला जेमतेम मिसरूड फुटलं होतं. बाईनं बैलामागं चालायचं नाही, अशी गावची समज. मथुराबाईनं पदर खोचला आणि स्वतः कोळपणीचं डवरं धरलं. पहिल्या दिवशी धुऱ्यावर माणसं पाहायला उभी राहिली. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तास सरळ काढला. त्याच सालच्या पोळ्याला रामराव बैल घेऊन आखरावर गेला, तर कुणीतरी झडतीतून खोचक बोललं, या घरचे बैल आता बाईच्या राज्यात. पोरगा रडवेला होऊन घरी पळत आला. मायनं तव्यावरची पोळी उलटली आणि उभ्या उभ्या त्याला दोन ओळी दिल्या. "जा, म्हण जोरानं. गळा तुह्या बापाचा हाये तुले." ती या घरची पहिली झडती.

"नाव ठेवते गाव सारं, बाई डवरं धरे,
बैल म्हणे हिच्या हाती, तास सरळ सरे."

त्यानं ती मनातल्या मनात म्हटली आणि चोळता हात थांबला. बैल म्हणे.

मग त्याला गावातल्या उकंडाच्या नावाची आठवली. उकंडानं नवी मोटारसायकल आणली होती त्या सालची.

"उकंडानं आणली फटफटी, घातला तिले हार,
बैल पुसे मालकाले, पाणी कोण पाजणार?"

सरपंचाच्या रस्त्याची आठवली. इतकंच काय, खुद्द रामरावच्याच नावाची, जी मायनं त्याच्याच तोंडून वदवली होती आणि जिला इंदू अजून लाजते.

"रामरावचा आवाज मोठा, ऐकू जाय दारव्ह्याले,
बायकोपुढं मुका बसे, बैल हासे गड्याले."

सगळ्याच तशा. शेवटचा शब्द बैलाचा. इतकी वर्षं तो बैल म्हणे, बैल पुसे, बैल हासे असं गळा ताणून ओरडत आला होता आणि त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. माय गावाची थट्टा करत नव्हती. ज्यानं तिच्यासोबत तास ओढला होता, ज्याला तोंड असून बोलता येत नव्हतं, त्याच्या बाजूनं ती बोलत होती.

"असं हाये काय?" रामराव मोठ्यानं म्हणाला.

चांद्यानं कान हलवला आणि खांदा पुढं केला, की बाबा, चोळणं कायले थांबवलं.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरणीला लागलं तसे बैल आखरावर निघाले. पूर्वीसारख्या जोड्या आता राहिल्या नाहीत. कितीएक घरांसमोर ट्रॅक्टर उभे आहेत. पण ज्या होत्या त्या अशा सजल्या होत्या, की ट्रॅक्टरवाल्यांनाही बाहेर येऊन पाहावंसं वाटलं. चांद्या-लाख्याच्या अंगावर मथुराबाईनं जुन्या लुगड्यांतून शिवलेली झूल होती. सुरभीनं शिंगांना रंग दिला होता. मारुतीच्या ओट्यावर बाया जमल्या होत्या. इंदू होती, सुरभी होती, तांड्यावरून रुपीबाई आली होती. कडुलिंबाच्या बुंध्याजवळची जागा मात्र कुणी न सांगता सगळ्यांनी मोकळी सोडली होती.

झडत्या सुरू झाल्या. कुणी वायरमनला धरलं, कुणी सोयाबीनच्या भावाला. हसणं, शिट्ट्या, महादेवाचा गजर. मग उकंडा पुढं आला. रामरावच्या वयाचा, अंगानं बारका, जिभेचा तिखट. मथुराबाईच्या झडत्यांचा सगळ्यात जास्त मार याच माणसानं खाल्ला होता, आणि दरसाल उलटून उत्तरही यानंच दिलं होतं. त्यानं टोपी मागं सारली आणि रामरावकडे बोट केलं.

"गेल्या सालापर्यंत बोल, होता मोठा धारदार,
रामरावचा बैल म्हणे, धनी मुका झाला यार!"

आखर हसलं, पण निम्मंच हसलं. लोकांनी रामरावकडे पाहिलं. लाऊडस्पीकरवाल्या पोरानं सवयीनं माईक बाजूला केला. रामराव कासरा सोडून तोरणाखाली आला. त्याच्याजवळ दुसरी ओळ कालपासून होती, पहिली सकाळी अंघोळ करताना सापडली होती. दोन्ही पाठ होत्या. शब्दांची त्याला आता काळजी नव्हती.

"मथुराबाई गेली वरतं..." त्यानं सुरुवात केली.

आखरावरच्या माना वळल्या. पुढाऱ्यांची नावं, शेजाऱ्यांची नावं, देवादिकांची नावं या तोरणानं ऐकली होती. हे नाव कधी ऐकलं नव्हतं.

"...देवाची झोप उडाली..."

आणि इथं तो आवाज, जो दारव्ह्याला ऐकू जातो म्हणायचे, तो बसला. रामरावनं तोंड उघडलं, मिटलं. कुणी खाकरलं. एका बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजून थांबली. पहिल्या ओळीवर काही जण हसायच्या बेतात होते, त्यांचं हसू तोंडातच राहिलं. उकंडाचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, आपणच जास्त बोललो.

रामरावनं ओट्याकडे पाहिलं. कडुलिंबाजवळची मोकळी जागा दिसली. तिच्या बाजूला सुरभी, आजीसारखाच कानामागं हात धरून उभी होती. कळवळून नाही, अगदी आजीसारखी, की बोल ना राम्या, ऐकून राह्यलो.

त्यानं आवाज चढवायचा नाद सोडला. ओसरीवर बसून शेजाऱ्याला सांगावं तशा साध्या आवाजात तो म्हणाला,

"नंदी म्हणे, बरं झालं, माही बाजू घेणारी आली!"

ओट्यावर रुपीबाई तळहातावर तंबाखू मळत होती. तिचा अंगठा थांबला होता.

मग हसण्याची एक लाट उठली, आणि त्या लाटेतच कुणाकुणाचे हात डोळ्यांकडे गेले. म्हातारे माना हलवत होते. तिच्या तोंडाला वर जाऊनही कुलूप लागलं नसेल, हे ज्याला त्याला पटलं होतं. नमनाची ओळ रामरावला म्हणावीच लागली नाही, ती आखरानंच म्हटली, आणि जो हर हर महादेव झाला त्यानं तोरणाची पानं हलली असं लोक पुढं सांगू लागले.

उकंडा गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं रामरावच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"काय बे, मेल्यावरबी म्हातारी आपल्याले जिकू देत नाही!"

"तुवं त चांगलं कोंडीत पकडलं होतं मले."

"तुले पकडलं होतं. तिले कोण पकडते?" उकंडा म्हणाला. मग जरा आवाज उतरवून, "रामराव, ते फटफटीची झडती म्हटली होती ना तिनं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दारात हौद बांधला. आजबी गावचं ढोर माह्या हौदावर पाणी पेते. फटफटी भंगारात गेली, हौद हाये."

एवढं बोलून त्यानं तीच झडती, स्वतःच्या नावाची, मोठ्यानं म्हटली, आणि शेवटाला मोकळ्या गळ्यानं "मथुराबाईची झडती हो!" अशी पुस्ती जोडली. तसा सरपंच पुढं आला. आता सरपंच राहिला नव्हता, पण लोक अजून सरपंचच म्हणायचे. त्यानं आपली म्हटली.

"सरपंचानं केला रस्ता, फोटोत दिसे गोरा,
बैल फसला घोट्यावर, म्हणे वाचव मले पोरा!"

"मथुराबाईची झडती हो!" आखरानं साथ दिली. मग ज्यांना ज्यांना तिचा चिमटा बसला होता ते एकेक करून पुढं येत गेले, आणि ज्यांना कधीच बसला नव्हता ते मागं उभे राहून जरा हिरमुसले.

रीतीप्रमाणं तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल घरोघर पूजेला निघाले. रामराव चांद्या-लाख्याला घेऊन गल्लीतून चालला होता, इंदू आणि सुरभी मागून येत होत्या. वाटेत एका दारात दुसऱ्या गावाहून आलेला पाहुणा घरच्या बाईला विचारत होता, एवढा गलका कायचा होता म्हणून.

"अहो, मथुराबाईची झडती झाली ना यंदाची," ती बाई पुरणाचं ताट सावरत सांगत होती. "नंदी म्हणे, बरं झालं, माही बाजू घेणारी आली. दरसालीच तिची झडती अशी राह्यते."

"म्हणजे आल्या होत्या काय त्या?"

"त्या कुठून येतीन? त्या त गेल्या फागुनात."

पाहुणा गोंधळून पाहत राहिला. सुरभीनं बापाच्या कोपराला हळूच ढोसलं.

"बाबा, सांगा ना त्याईले. हे त तुमची हाये. पहिली तुमच्या सोताची."

रामरावनं चांद्याच्या खांद्यावर हात ठेवला. कालच्या लोण्यानं तो अजून मऊ होता.

"चाल, चाल," तो म्हणाला. "बरोबर सांगून राह्यली ते."

आणि छाती काढून, बैलांच्या पुढं, तो आपल्या दारी पूजेला गेला.